सोळा नाकांची खोली

ओलं माणूस, ओलं भांडं आणि तोंडाळ बाई, या तिघांना मधाच्या खोलीत बंदी होती. नियम शालन उतेकरणीनंच केलेले. तिसऱ्यातून तिनं स्वतःला वगळलं होतं, कारण खोलीची किल्ली तिच्या कमरेला होती आणि किल्लीवाल्याला नियम लागत नसतात, हे कळायला शाळा लागत नाही.

शाळेत ती दोन इयत्ता गेली होती. मोठ्या अक्षरातली पाटी वाचायची. बारीक अक्षर समोर आलं की म्हणायची, "चष्मा घरी राह्यला." चष्मा तिला नव्हताच.

जावळीच्या खोऱ्यातली गेळदरा ही वीस-बावीस उंबऱ्यांची वाडी. पिढ्यान्‌पिढ्या मधाचा धंदा. पण गेल्या पंधरा वर्षांत आभाळानं ताळ सोडला होता. पाऊस दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकायचा आणि धुकं संक्रांत आली तरी अंगणातून हलायचं नाही. असल्या हवेत माश्यांनी तरी मध पिकवायचा कसा? माशी फुलातून आणते त्या रसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तो पोळ्यात ओतून हजारो माश्या पंखांनी वारा घालत बसतात आणि शंभरात वीस भागांच्या खाली पाणी उतरलं की वर मेणाचं टोपण लावतात. त्याहून ओला राहिलेला मध फसफसतो, आंबतो, बरणीचं झाकण उडवतो. शिवाय मधाला एक खोड असते. उघडा ठेवला की हवेतलं पाणी तो आपण होऊन ओढून घेतो. दमट खोलीत ठेवलेला मध म्हणजे गुत्त्याच्या दारात बसवलेला जावई.

म्हणून मधपाळांच्या संघानं सहा गावांना सहा खोल्या दिल्या. गेळदऱ्यातली शालनच्या ओटीला लागून उभी राहिली. आतून भिंतींना पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांत एक भुकटी, आणि भुकटीच्या कणाकणाला पाण्याच्या रेणूच्या मापाची भोकं. हवेतली वाफ त्या भोकांत जाऊन अडकायची. पट्टी भरली की उन्हाच्या विजेवर मागून तापायची आणि पाणी बाहेर सोडून द्यायची. पण नुसतं सुकवणं म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. घाईनं सुकवलेल्या मधाला वरून साय धरते, आतला ओलाच राहतो आणि वास पळून जातो. माशी वारा घालते, थांबते, आतलं पाणी वर येऊ देते, मग पुन्हा घालते. खोलीही तसंच करायची. त्यासाठी तिला ओलाव्यातला केसाएवढा फरक कळायला हवा, म्हणून छताला बोराएवढी सोळा यंत्रं लावली होती. वाडी त्यांना नाकं म्हणायची.

अडचण होती ती माणसांची. माणूस तासाला अर्धी वाटी पाणी हवेत सोडतो, श्वासातून आणि अंगातून. पट्ट्यांचं काम संथ. माणूस आत आल्यावर धावाधाव करून भागायचं नाही, तयारी आधीच व्हायला हवी. म्हणून खोली माणसंच पाठ करून ठेवायची. कोण कधी येतं, मिनिटाला किती श्वास घेतं, एकेका श्वासाची ओल किती. प्रत्येक उच्छ्वास म्हणजे ओलाव्याची एक बारीक लाट, आणि दोन माणसांच्या लाटा कधी सारख्या नसतात. चुलीपुढं कोणती सून बसलीय हे सासूला पाठमोरंही कळतं, तसंच हे. खोलीनं शालनला एक नंबर दिला आणि तिच्या नवऱ्याला, कोंडिबाला, दोन.

"चला, हितं तरी मी एक नंबर," शालन म्हणाली.

"घरात कवा दोन हुतीस गं तू?" कोंडिबा म्हणाला.

खोली शिकवायला संघाची इंजिनिअर आली होती, रुक्साना मुजावर. सहा गावच्या सहा बायका गोळा केलेल्या. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे ओल वाढली, दार लावा. शालननं एका ऐकण्यात पाठ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्सानानं एक पुस्तिका उघडून तिच्यापुढं धरली.

"काकी, तुम्ही मोठ्यानं वाचा. बाकीच्या ऐकतील."

पाच बायका बघत होत्या. अक्षरं मुंग्यांएवढी.

शालन उठली. "माझ्या आज्यानं कड्यावरनं आग्या मोहोळ उतरवलं तवा तुझा संघ पाळण्यात बी नव्हता. मला मध शिकवतीस व्हय?" पदर खोचून ती जी निघाली ती थेट घरी. पुस्तिका लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी काय शिकवलं, ते तिनं कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे उठून गेल्याचं कारणही सांगावं लागलं असतं.

खोलीनं एक केलं. नवरा-बायकोला एका जागी बसवलं. पस्तीस वर्षं कोंडिबा माश्यांच्या पेट्या घेऊन रानात आणि शालन घरात. दोघांची गाठ पडायची ती ताटावर. आता तो खिडकीपाशी स्टुलावर बसून तापल्या सुरीनं पोळ्याची मेणाची टोपणं काढायचा आणि ती मधयंत्र फिरवायची. दार बंद, बाहेर धुकं, आत उबदार कोरडं. तो कुठली पेटी कशी आहे ते सांगायचा, ती त्याची खोडी काढायची. तिला हे फार आवडायचं. त्याला सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर चढून बसला असता.

दोन वर्षं अशी गेली, आणि कारवी फुलली.

कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. सगळा डोंगर जांभळा होतो आणि माश्यांना खुळ लागतं. तो दाट, काळसर मध आयुष्यात सात-आठ वेळाच माणसाच्या वाट्याला येतो. या खेपेला गेळदऱ्याचा मध पहिल्या प्रतीचा निघणार, एक थेंब आंबणार नाही, असं शालन संघाच्या सभेत पाच गावांदेखत बोलून बसली होती. तिचा शब्द खाली पडणं म्हणजे तिला मरणच.

कोंडिबानं पेट्या डोंगरावर चढवल्या. पण चढणीला आता तो मधेच उभा राहायला लागला होता.

"दमलात?"

"दमतोय कशाला? कारवी बघतोय. फुडच्या फुलोऱ्याला पंच्याहत्तरीचा व्हईन. आत्ताच बघून घेतो."

"बघा, बघा. फुलं बघून प्वाट भरलं आसतं तर मी तवा कशाला तापवला आसता?"

चपलेचा अंगठा त्याला घट्ट व्हायला लागला, तेव्हा ती म्हणाली, चप्पल पावसात आटली. झोपताना त्यानं दोन उशा मागितल्या, तेव्हा म्हणाली, संस्थानिक झालात काय? उशा मात्र दिल्या.

आणि एक दिवस खोलीत पिवळा दिवा लागला.

लाल नाही, हिरवा नाही, पिवळा. खोलीबरोबर संघानं दिलेला कमरेचा फोन थरथरला. त्यावर बारीक अक्षरांच्या चार ओळी आणि खाली दोन बटणं. शालननं हिरवं दाबलं. हिरवं म्हणजे ठीक. फोन गप्प झाला. दिवा गप्प होईना.

ती हुशार बाई होती. हेच वाईट झालं. खुळी असती तर कुणाला तरी विचारून आली असती. तिनं आपल्या डोक्यानं शोध लावला. मधयंत्र थांबवून पाहिलं, दिवा तसाच. भांडी बाहेर काढली, तसाच. मग कोंडिबाला बाहेर पाठवलं. घटकाभरात दिवा हिरवा. आत बोलावलं. तो स्टुलावर बसतो न बसतो तोच पिवळा. तीन दिवस, दिवसातून आठ-दहादा, तिनं हे करून बघितलं, दर वेळी फोन थरथरला की हिरवं दाबलं आणि तीनही दिवस खोलीनं एकच साक्ष दिली.

"आवं, तुम्हीच हाय ते," ती म्हणाली. "रानातनं ओल घिऊन येताय. लाल व्हायच्या आधीचा ह्यो पिवळा."

"कापडं बदलून येतोय की मी."

"कापडं बदलली, पर आंग? आंगात पाणी मुरलंय तुमच्या, पाणी! घोंगड्यागत!"

कोंडिबानं आपल्या पावलांकडं पाहिलं. घोट्याशी बोट दाबलं, तिथं खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"आसंल," तो म्हणाला.

त्यानं सुरी पुसून ठेवली आणि स्टूल उचलून बाहेर नेलं. ओटीवर, खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसला. डोक्यावर एक जाळी होती. खोली बाहेरची हवा त्या जाळीतून आत घ्यायची. तिथं बसून तो टोपणं काढायचा आणि खिडकीच्या काचेतून आत बघून काहीतरी बोलायचा. काचेतून ऐकू येत नसे. शालन हातानंच विचारायची, काय? तो हातानंच म्हणायचा, काही नाही.

चौथ्या दिवशी दिवा पुन्हा पिवळा झाला. फोन थरथरला. तिनं हिरवं बटण दाबलं आणि तणतणत ओटीवर आली.

"हितनंबी ओल सोडताय? आता कुठं ठिवू तुम्हांस्नी? आठ वर्सांनी कारवी आलीया. माझा शबूद गेला तर लोकांत त्वांड कसं दावू?"

"मग जातो खाली," कोंडिबा म्हणाला. "झऱ्यावरच्या खोपीत. तिथल्या चार पेट्यास्नी राखण बी व्हईल." उठायला त्याला भिंत धरावी लागली. "तुझा मध झाला की हाक मार."

"दोन उशा घिऊन चाललाय व्हय? ल्हान पोरागत!"

"दोन लागत्यात गं आता," तो म्हणाला, आणि हसला.

स्टूल ओटीवरच राहिलं.

त्यानंतर बारा दिवस दिवा हिरवा होता. शालनची छाती अभिमानानं फुगली. तिचा शोध खरा ठरला होता. खाली भाकरी न्यायला शेजारची जनाक्का होती, तिची शेरडं तिकडंच चरायची. एकदा जनाक्का म्हणालीसुद्धा, "दाजी बसूनच झोपत्यात गं. आडवं हुईनात."

"लाड हाईत," शालन म्हणाली. "मी न्हाई हितं, मग तुला दावत्यात."

तेराव्या दिवशी मध झाला. मधातलं पाणी मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीत थेंब लावून पाहिला, पाणी अठरावर. जिभेला मात्र लावला नाही. कारवीच्या मधाचं पहिलं बोट, ज्यानं पेट्या डोंगरावर चढवल्या त्याचं. त्यानं चाखल्यावाचून घरात कुणी चाखत नाही, ही तिच्या सासऱ्याच्याही आधीपासूनची रीत. तिनं वाटी भरली, पानानं झाकली आणि झऱ्याची वाट उतरली.

दुपारची वेळ. धुकं थोडं फाटलं होतं. कोंडिबा खोपीच्या दारात कुडाला टेकून बसला होता, पाठीशी दोन्ही उशा, हनुवटी छातीवर.

"वा! राखण चाललीया म्हणा की!" ती लांबूनच म्हणाली. "उठा. मध झाला. अठरा उतरलाय, अठरा! तुम्ही काय म्हणलावता, एकोणीसच्या खाली जायाचा न्हाई. आता बोला की."

हनुवटी छातीवरून हलली नाही.

ती जवळ गेली. समोर बसली. वाटीवरचं पान काढलं, बोट बुडवलं आणि त्याच्या ओठांना लावलं. मध ओठांवरच राहिला. पेटीतली एक माशी आली, त्यावर बसली, आणि शालन तिला उडवायचं विसरून बघत राहिली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, छातीत पाणी भरत गेलं. महिनाभर आधी आणला असता तर गोळ्यांनी पाणी उतरलं असतं. शालननं मान हलवली. घरातल्या माणसाला माहीत नव्हतं ते दुसऱ्या कुणाला कसं माहीत असणार, असं तिनं मनाला सांगितलं. त्या आधारावर तिनं तेरावं पार पाडलं.

चौदाव्या दिवशी खोली उघडली, तर बरण्यांत भरायचा राहिलेला कारवीचा मध बिघडायला लागलेला. आंबलेला नव्हता, उलटंच झालं होतं. वरून सायीसारखा थर, खाली गुळाच्या ढेपेसारखा घट्ट. रुक्साना मुजावर दुसऱ्या दिवशी आली. आली ती आधी शालनच्या पाया पडली, मग भिंतीतली फळी उघडून आतल्या पडद्यासमोर बसली.

"पाणी सोळाच्या खाली चाललंय, काकी. खोली जास्त कोरडी होतेय."

"का?"

"ती अजून दोघांची तयारी करते. तुम्ही आता परत याल, पण काकांचा श्वास येणार म्हणूनही ती रोज तेवढी जागा कोरडी करून ठेवते. आणि काका येत नाहीत. माणूस पाठ करायला तिला वर्ष लागतं, विसरायलाही तेवढंच." तिनं पडद्यावर बोट सरकवलं. "मी दोन नंबर काढून टाकते. संध्याकाळपर्यंत मध..."

ती थांबली. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. तिचा चेहरा उतरला.

"काय दिसलं?" शालन म्हणाली.

"काही नाही. जुन्या नोंदी आहेत."

"वाच."

"नको, काकी."

"वाच म्हणते ना. मोठ्यानं वाच."

रुक्साना वाचायला लागली. "व्यक्ती क्रमांक दोन. श्वास उथळ आणि जलद. मधूनमधून थांबतो. छातीत पाणी साठत असण्याची शक्यता. यांना आजच डॉक्टरांकडे न्या."

मधयंत्रावरून एक थेंब टपकायला निघाला होता. घट्ट मध, तो लोंबत राहिला.

"ह्यो पिवळा दिवा?"

"हो. बंद खोलीत काम करणाऱ्या कुणाला काही झालं तर कळावं म्हणून ठेवलेला. शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी तेच..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"किती वेळा?"

"एकतीस. आणि दर वेळी इथून 'पाहिलं' असं कळवलंय."

"हिरवं बटण."

"हो."

"ओटीवर बसवल्यावर बी लागला हुता."

"जाळी तिथंच आहे ना. खोलीनं तिथूनही ओळखलं त्यांना."

"आन्‌ खोपीत?"

"खोपीत तिला कसं कळणार, काकी?"

शालन भिंतीकडं बघत राहिली. बाहेर जा म्हणून तिनं त्याला सांगितलं होतं. खोलीनं नव्हतं सांगितलं. खोली एकतीस वेळा म्हणत होती, याच्याकडं बघ.

"माझीच चूक झाली," रुक्साना रडवेली झाली. "तुम्ही उठून गेलात तेव्हा मी मागं यायला हवं होतं. एवढी पुस्तिका दिली म्हणून..."

"मला बारीक वाचता येत न्हाई," शालन म्हणाली.

बासष्ट वर्षांत हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कोंडिबालासुद्धा. त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं त्यानंही कधी दाखवलं नव्हतं.

रुक्साना हळूच म्हणाली, "दोन नंबर काढू का? नाही काढला तर मध जाईल, काकी. कारवीचा आहे. त्यांनी चढवलेल्या पेट्यांचा शेवटचा."

"त्यांच्या नावची किती जागा ठिवते ती?"

"तासाला अर्धी वाटी पाणी."

शालन बाहेर गेली. ओटीवर स्टूल तसंच होतं, एका पायाला मेण लागलेलं. तिनं ते उचलून आत आणलं आणि खिडकीपाशी, फरशीवरच्या त्याच चार खुणांवर ठेवलं. मग चुलीवर पाणी तापवलं. अर्धी वाटी मोजून तांब्यात ओतलं आणि तांब्या स्टुलावर ठेवला. आपल्या हातांनी ओलं भांडं खोलीत आणलं. वाफेचा बारीक दोरा वर चढला, छताकडं, सोळा नाकांकडं.

रुक्साना पडद्यावरचे आकडे बघत होती. आकडे हलले, डळमळले, हळूहळू जागेवर आले. आत येणार म्हणून खोली जेवढ्या ओलीची वाट बघत होती तेवढी तिला मिळाली होती. दिवा लाल झाला नाही, हिरवाच राहिला.

"असं रोज, तासातासाला पाणी बदलावं लागेल, काकी. वर्षभर."

"बदलीन."

शालननं कमरेची किल्ली काढून दाराच्या कडीला अडकवली, दार बाहेरून ओढून घेतलं आणि ओटीवर बसली. तिथंच, जाळीच्या खाली, भिंतीला पाठ लावून. काचेतून स्टूल दिसत होतं. घटकाभरानं रुक्साना बाहेर आली तेव्हा ती तशीच बसलेली होती. पदराचं टोक भिजून काळं झालं होतं आणि गालांवरचं पाणी पुसायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

"काकी, इथं धुकं उतरतंय. आत येऊन बसा ना. आत ऊब आहे."

"नगं," शालन म्हणाली. "ओलं माणूस आत चालत न्हाई."